मोहाच्या दिवसांत

चैत्र लागला की चंद्रपूरच्या माझ्या खिडकीत एखाद्या पहाटे मोहाचा वास येतो. इथून मोहर्ली तीस किलोमीटर, मधे दुर्गापूरच्या कोळशाच्या खाणी, औष्णिक केंद्राच्या चिमण्या, पद्मापूर, मग आगरझरीचं जंगल. एवढं सगळं ओलांडून मोहाचा वास यावा असं काही नाही. बाजाराकडं निघालेल्या कुणाच्या सायकलीला पोतं बांधलेलं असेल, शेजारच्या कामवाल्या बाईच्या लुगड्याला तो चिकटून आला असेल. मी शोधायला जात नाही. अंथरुणावर तशीच पडून राहते, डोळे मिटते आणि तो वास हळूहळू माझ्या आत उतरू देते. आधी नुसता गोडवा, मग गोडव्याखाली दबलेला ओल्या पाचोळ्याचा कुबट गारवा, आणि सगळ्यात शेवटी, अगदी तळाशी, एका माणसाचं नाव.

बालिस्टर.

माझा आजा असंच म्हणायचा. पुढं शाळेत मी ‘बॅरिस्टर’ लिहायला शिकले, पण आजाच्या तोंडातला तो ‘बालिस्टर’ मला अजूनही त्याहून खरा वाटतो. त्या शब्दात दाढेखाली मोहाचं फूल धरून बोलल्यासारखी एक मऊ गोडी होती.

आमचं मोहाचं झाड शेताच्या बांधावर होतं. मोहर्लीत तेव्हा जिप्सी नव्हत्या, रिसॉर्ट नव्हते, रात्री गावावर नुसता काळोख असायचा आणि काळोखात चितळाची एखादी हाक. मोहाच्या दिवसांत आजी मला चारला उठवायची. झाडाखालचा पाचोळा आदल्या संध्याकाळीच झाडून ठेवलेला असायचा, कारण स्वच्छ जमिनीवर पडलेलं फूल वेचायला सोपं. आम्ही पोचायचो तेव्हा अंधारात फुलं गळत असायची. टप. मग जरा वेळ काहीच नाही. मग टप, टप. दिसत काही नसे, पण जमिनीशी वाकलं की पायाखाली फिक्या पिवळसर टपोऱ्या फुलांचा सडा जाणवायचा, दवानं थंड, बोटांत धरलं की रसानं चिकट. आजा काठी आपटत आपटत आधी झाडाभोवती एक फेरी मारायचा, अस्वल असलं तर निघून जावं म्हणून. मग टोपली खाली ठेवायचा आणि वेचता वेचता बोलायचा. दिवसभर तो फारसा बोलत नसे. त्याचं सगळं बोलणं मोहाखालचं.

आणि त्या बोलण्यात फिरून फिरून बालिस्टर.

आता या वयात मला कळतं की आजा त्या माणसाशी उभ्या आयुष्यात एक शब्द बोललेला नव्हता. दुरून पाहिलं होतं, तेवढंच. पण एखाद्याला दुरून पाहण्यानं आपल्या पाठीचा कणा सरळ होऊ शकतो, हे मी पुस्तकात वाचण्याआधी आजाच्या पाठीत पाहिलं.

आजाची पाठ आधी तशी नव्हती. त्याच्या तरुणपणी एका ऐनाच्या फांदीवरून त्याच्यावर केस झाली होती. नांगराचं ईस मोडलं होतं, पेरणी तोंडावर होती, त्यानं जंगलातून फांदी आणली, नाकेदारानं पकडलं. तारखेला चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, चालत जायचं. पहाटे अंधारात निघायचं आणि कचेरीच्या आवारात एका कडुनिंबाखाली उकिडवं बसायचं. पट्टेवाला नाव पुकारायचा ते नाव आपलंच आहे हे आजाला कळायचं नाही, इतकं ते वेगळ्या सुरात यायचं. आत गेल्यावर हात जोडून, कंबरेत वाकून उभं राहायचं. कुणी ‘वाक’ म्हणत नसे. पाठीला माहीत होतं. कारकून काय लिहितो, समोरचे काळ्या कोटातले काय बोलतात, आपल्याला सोडलं की दंड झाला, काही उमगायचं नाही. आजा सांगायचा, “माय, कोर्टात मी होतो खरा, पन माह्याबद्दल चाललं होतं ते मलेच समजत नव्हतं.” एवढं बोलून तो बराच वेळ गप्प व्हायचा आणि मग अंधारातून पुन्हा टप, टप.

हाय रे. एका फांदीपायी माणूस किती लहान होतो.

मग १९५६ चा ऑक्टोबर आला. १४ तारखेला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि दिली, आणि १६ तारखेला ते चांद्याला येणार, ही बातमी रानातल्या वाटावाटांनी गावोगाव गेली. मोहर्लीहून बाया-माणसं चालत निघाली. इरईचं धरण तेव्हा नव्हतं. आज जिथं पर्यटक जलाशयावरचे पक्षी बघतात त्या बाजूला तेव्हा शेतं आणि पायवाटा होत्या. ताडोब्याला राष्ट्रीय उद्यान होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आजीनं आजाचं धोतर आणि स्वतःचं लुगडं रात्रीच धुऊन वाळत घातलं, कारण पांढरं नेसायचं होतं आणि आमच्या घरात पांढरं म्हणजे मळलेलं पांढरं. ओलसर धोतर नेसून आजा निघाला आणि चालता चालता ते अंगावरच वाळलं, हे तो दरवर्षी सांगायचा, जणू सगळ्या सोहळ्याचं मर्म त्या वाळत्या धोतरात होतं.

चांद्याच्या त्या मैदानात आजानं बाबासाहेबांना पाहिलं, बावीस प्रतिज्ञा त्यांच्यामागून म्हटल्या. आणि तिथंच, गर्दीत माना उंचावून, लोकांनी एकमेकांना एक तरुण माणूस दाखवला. हे सगळं घडवून आणण्यात ज्याचा मोठा हात होता तो, चांद्याचाच, आपलाच, विलायतेला जाऊन बालिस्टर होऊन आलेला. राजाभाऊ खोब्रागडे. कागदोपत्री भाऊराव देवाजी खोब्रागडे. २५ सप्टेंबर १९२५ चा जन्म, म्हणजे त्या दिवशी वय अवघं एकतीस.

आजाही तेव्हा साधारण तेवढ्याच वयाचा. मला वाटतं, त्याला जे लागलं ते इथं लागलं. बाबासाहेब सूर्यासारखे, सूर्याकडं कुणी आपल्या बरोबरीचा म्हणून बघत नाही. पण हा समोरचा माणूस त्याच्या वयाचा, त्याच्या मातीचा, जटपुऱ्याच्या वेशीतून आत-बाहेर केलेला, झरपट नि इरईचं पाणी ठाऊक असलेला. आणि तरी काळा कोट त्याच्या अंगावर चढला होता. ज्या भाषेत आजावर केस चालली ती भाषा या माणसाला येत होती. कोर्टात जे बोलतात ते याला समजतं, आणि तो बोलला की कोर्टाला ते ऐकावं लागतं. आजा ओळीनं पुढं सरकत सरकत इतकंच बघत राहिला होता.

पुढच्या खेपेला आजा कशासाठी तरी कचेरीत गेला तेव्हा कडुनिंबाखाली बसला नाही. व्हरांड्यातल्या बाकावर बसला. कुणीतरी ‘ए, ऊठ’ म्हणालं. आजा उठला नाही. त्याहून जास्त काही घडलं नाही. म्हणणारा निघून गेला. पण ती एक बाक-बैठक आमच्या घरात एखाद्या लढाईसारखी सांगितली जायची, आणि प्रत्येक वेळी आजीचे हात वेचता वेचता क्षणभर थांबायचे.

बॅरिस्टरसाहेबांचं पुढचं आयुष्य आमच्यापर्यंत तुकड्यातुकड्यांनी आलं. कधी बाजारातून आलेल्या माणसाच्या तोंडून, कधी पाटलाच्या घरच्या रेडिओवरून. सोहळ्यानंतर दोन महिनेही झाले नाहीत तोच ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. पोरकेपणाचं ते वर्ष. ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, एन. शिवराज अध्यक्ष झाले आणि सरचिटणीस झाले आमचे बालिस्टर. १९५८ साली ते राज्यसभेत गेले, बत्तिसाव्या वर्षी. मग १९६६ मध्ये पुन्हा, १९७८ मध्ये पुन्हा.

१९६४ च्या ६ डिसेंबरला भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांचं नाव त्यात सगळ्यात पुढं होतं, आणि पक्ष म्हटला की आमच्याकडं बालिस्टरांचंही. पडीक जमीन कसणाऱ्याच्या नावावर करा, ही मागणी. देशभर माणसं तुरुंगात गेली. आजाही गेला. चांद्याच्या तुरुंगातले ते थोडे दिवस तो लग्नाच्या वऱ्हाडातल्यासारखे सांगायचा. तिथला पिंपळ त्याला दाखवला गेला होता, ज्याच्याशी बाबुराव शेडमाक्यांना इंग्रजांनी १८५८ साली फाशी दिल्याचं सांगतात. आजानं त्या झाडाच्या बुंध्याला हात लावला होता. “मोहाहून खरबरीत होता,” म्हणायचा. एवढंच. शेडमाके गोंडांचे वीर, आम्ही दीक्षा घेतलेले, पण जंगलाच्या काठावरच्या माणसाला दुसऱ्या काठावरच्या माणसाचं दुःख हाताच्या तळव्यानं कळतं.

मग १९६९. डिसेंबर महिना. रेडिओनं सांगितलं की चांद्याचे खोब्रागडे राज्यसभेचे उपसभापती झाले. चांद्याचं नाव तोवर चंद्रपूर झालं होतं, पण आजाच्या तोंडी चांदाच. उपसभापती म्हणजे काय, हे आजाला कुणीतरी मास्तरांनी समजावलं, आणि त्यानं ते आपल्या परीनं जे समजून घेतलं ते मी आजवर वाचलेल्या कुठल्याही ग्रंथापेक्षा नेमकं आहे. तो म्हणाला होता, “त्या खुर्चीले बाजू नसते.”

थांबा, जरा या वाक्यापाशी माझ्यासोबत बसा.

आजानं आयुष्यात खुर्च्या पाहिल्या होत्या त्या सगळ्यांना बाजू होती. नाकेदाराची खुर्ची, सावकाराची बाज, कचेरीतलं ते उंच आसन. तो नेहमी त्यांच्या दुसऱ्या बाजूला उभा असायचा. आणि आता त्याच्या मातीतला एक माणूस अशा खुर्चीवर बसला होता जिथून दोन्हीकडचं ऐकायचं, बोलायला उठलेल्याला वेळ द्यायचा, भांडण वाढलं तर आवरायचं, आणि मत कुणालाच द्यायचं नाही. समसमान झालं तरच. घटनेत तसं लिहून ठेवलंय. बालिस्टर न्यायाधीश नव्हते, पण आजाच्या मनात तेव्हापासून ते न्यायाधीशच. गंमत अशी की त्या खुर्चीला न्यायालयाची सावली होतीच. त्यांच्याआधी तिथं व्हायोलेट अल्वा बसायच्या, उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढं युक्तिवाद करणारी देशातली पहिली स्त्री वकील म्हणून ज्यांचं नाव घेतात, आणि ज्यांनी मुंबईत बालन्यायालयाचं काम पाहिलं होतं. आणि सभापती होते गोपाल स्वरूप पाठक, पूर्वीचे अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. अशा दोन माणसांच्या शेजारी चांद्याच्या वेशीतला हा वकील.

त्याच वर्षांत, १९७० च्या सप्टेंबरमध्ये, संस्थानिकांचे तनखे बंद करण्याची घटनादुरुस्ती राज्यसभेत पडली. बाजूनं १४९, विरोधात ७५. दोन तृतीयांशाला मताचा एक तृतीयांश हिस्सा कमी पडला. मास्तरांनी हे आजाला सांगितलं तेव्हा तो हिशेब त्याला फार भावला म्हणे. एका मताचे तीन भाग, त्यातला एक कमी. मोह मोजताना आम्ही पायली मोजायचो, वरचा ढीग हातानं सपाट करायचो, एक फूल इकडंतिकडं कुणी बघत नसे. आणि दिल्लीत एका फुलाच्या तिसऱ्या पाकळीवर राजे-महाराजांचं भागलं. माणसाला इतकं मोजणारी जागा कुठंतरी आहे, आणि तिथं आपला माणूस बसतो. आजा या विचारानं रात्री सुखानं झोपत असावा.

मोठी झाल्यावर, शहरात शिकायला आल्यावर, मी दूरच्या देशांच्या गोष्टी वाचल्या. अमेरिकेत इलिनॉयच्या कच्च्या रस्त्यांवरून घोड्यावर बसून अब्राहम लिंकन एका गावच्या कोर्टातून दुसऱ्या गावच्या कोर्टात वकिली करत फिरायचा. तो देश नवा होता तेव्हा कितीतरी माणसं अशीच रानातल्या गावांतून उठली, आधी वकील, मग कायदेमंडळात, मग न्यायासनावर. ते वाचताना माझ्या नाकात मोहाचा वास भरून आला. आपलंही प्रजासत्ताक १९५६ मध्ये सहा वर्षांचं पोर होतं. रानाच्या काठावरच्या गावांतून माणूस उठतो, कायद्याची भाषा शिकतो आणि ज्यांना ती येत नाही त्यांच्या वतीनं बोलतो. मला वाटतं, नव्या देशाचा पाया असाच भरला जातो, आणि त्यात आमच्या चांद्याचा एक दगड आहे हे मी मोठ्यानं सांगते.

दुःखही सांगायला हवं. पक्ष फुटला. गायकवाड गट, खोब्रागडे गट, अशी नावं गावात आली आणि एकाच मैदानातून ओल्या धोतरांनी परतलेली माणसं दोन ओट्यांवर बसू लागली. आजा कुठल्याच ओट्यावर गेला नाही. त्याला ते बोलता येत नव्हतं, पण मला त्याच्या गप्प बसण्यातून कळत होतं. ज्या माणसाची खुर्ची बाजू नसलेली म्हणून त्यानं मनात जपली, त्याच माणसाच्या नावानं एक बाजू तयार व्हावी, हे त्याला सोसलं नसावं. मीही त्या फुटीला माफ केलेलं नाही. पण दोष एकट्या बॅरिस्टरसाहेबांच्या माथी मारणारे लोक भेटले की मला आजाची सरळ पाठ आठवते, आणि मी एवढंच म्हणते की माणसाचा हिशेब मांडताना तीही एका रकान्यात लिहा.

दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर माणसांची रीघ लागते. मी जाते. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, कडेवरची पोरं, पुस्तकांचे स्टॉल, वडापावचा तळका वास, मेणबत्त्यांचा धूर. ऑक्टोबरात मोह नसतो. तरी मी गर्दीत उभी राहून डोळे मिटते आणि ओलं धोतर अंगावर वाळवत आलेल्या एका तरुण माणसाला शोधते. त्याच्यासमोर, थोडं दूर, दुसरा तरुण माणूस. दोघांच्या मधे हजारो माणसं. दोघं कधी बोलले नाहीत.

मोहर्लीला मी अजून जाते. पहाटे गेटवर जिप्सींची रांग लागते, पर्यटक चादरी लपेटून वाघाच्या वाटेकडं डोळे लावतात. गावातली मुलं गाईड झाली आहेत, मुलीही, नेटकी हिंदी बोलतात, इंग्रजी बोलतात, पाठ ताठ ठेवून बोलतात. त्यांच्यापैकी कुणाला मी बॅरिस्टर खोब्रागड्यांबद्दल विचारलं तर चौकाचं, संस्थेचं, कशाचं तरी नाव म्हणून आठवतं. मला वाईट वाटत नाही. पाठ कुणामुळं ताठ झाली हे पाठीला लक्षात ठेवावं लागत नाही. फक्त, तुम्ही कधी वाघ बघायला आलात तर परतताना चंद्रपुरात थोडं थांबा, दीक्षाभूमीवर जा. तिथल्या कुणा म्हाताऱ्या माणसाला त्या दिवसाबद्दल विचारा. तो तुम्हाला बसायला जागा देईल.

आमचं बांधावरचं झाड अजून आहे. त्याखाली मी परवा बसले होते, सकाळची तिरपी किरणं पानगळीच्या फांद्यांतून खाली येत होती आणि फुलं पडत होती. वास तोच. मग ती सकाळ आलीच, ती नेहमी येते.

१९८४ चा एप्रिल. मी नऊ वर्षांची. बाबासाहेबांची जयंती चार-पाच दिवसांवर, पताकांचा निळा कागद घरात आणून ठेवलेला, खळ शिजवायची राहिलेली. आम्ही नेहमीसारखं चारला झाडाखाली गेलो. टोपली निम्मी भरली असेल, आभाळ तांबूस व्हायला लागलं होतं, तेवढ्यात गावाकडून मास्तरांचा मुलगा धावत आला. रेडिओवर सांगितलं म्हणाला. ९ तारखेला गेले. अठ्ठावन्न वर्षांचे होते.

आजीनं विचारलं, “कोन?”

आजा म्हणाला, “बालिस्टर.”

मग तो बुंध्याला टेकून बसला. रडला नाही. आजीनं पदर डोक्यावर ओढून घेतला. मी हातातली दोन फुलं काय करावी न सुचून मुठीत तशीच धरून उभी राहिले, त्यांचा रस बोटांमधून मनगटावर आला आणि तो वास त्या दिवशी माझ्या हाताला लागला तो लागलाच. वरून टप, टप चालूच होतं, आजाच्या खांद्यावर, पागोट्यावर, मोकळ्या ओंजळीत. उन्हं वर आली तेव्हा तो उठला, टोपली उचलून झाडाखालीच पालथी केली आणि म्हणाला, “चाल, माय. आज राहू दे.”

त्या दिवशी आमच्या झाडाचा मोह कुणी वेचला नाही. संध्याकाळी चितळं येऊन खाऊन गेली.